सायकलीवरचे ओझे

सायकल ही गरिबाची गाडी आहे. तिला डिझेल लागत नाही, वैरण लागत नाही. शेतकरी तिच्यावर भाजी लादून बाजार गाठतो. गवळीदादा दुधाचे कॅन अडकवून घरोघर फिरतात. सकाळी पेपर येतो तो सायकलीवरूनच. मुंबईचे डबेवालेही कितीतरी डबे सायकलीला लावून नेतात. तेव्हा सायकल ही नुसती बसायची वस्तू नाही. ती आपली हमालही आहे.

पण डोक्यावर ओझे घ्यायचे, तर आपण आधी चुंबळ करतो. बैलगाडी भरायची, तर वजन कुठे पडते ते पाहतो. सायकलीवर मात्र जागा दिसेल तिथे सामान ठेवतो आणि निघतो. आम्हीही एकदा असेच केले. ती गोष्ट आधी सांगतो.

शाळेची सहामाही परीक्षा झाली होती. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायला घरी न्यायचा होता. आम्ही तो कॅरिअरवर ठेवला, सुतळीचे दोन वेढे दिले आणि निघालो. ओढ्याच्या उतारावर हादरे बसले. गाठ सैल झाली. सुतळीचे लोंबते टोक चाकात गेले आणि चाक जागीच अडकले. आम्ही पडलो. गुडघा फुटला, तो पंधरा दिवसांत बरा झाला. पण एकोणीस मुलांच्या उत्तरपत्रिका ओढ्याच्या पाण्यात गेल्या. त्या मुलांना गणिताचा पेपर पुन्हा द्यावा लागला. एका मुलीने एवढेच विचारले, "गुरुजी, माझी सगळी गणितं बरोबर आली होती. आता पुन्हा तशीच येतील का?" तिला दुसऱ्या खेपेला सात गुण कमी पडले. चूक आमची, शिक्षा तिला. तेव्हापासून आम्ही या विषयाकडे नीट पाहू लागलो. जे कळले ते येथे सांगतो.

ओझे कुठे असावे?

बैलगाडी हाकणाऱ्याला दोन शब्द ठाऊक असतात. वजन मागे फार झाले, की गाडी उलाळ होते. पुढे फार झाले, की ती धुरजड होते. सायकलीचेही तसेच आहे. मागच्या चाकाच्या मधोमध जो आस असतो, त्याच्या बराच मागे ओझे गेले, तर सायकल उलाळ होते. पुढचे चाक हलके पडते. हँडल हातात थरथरते, आणि चढावर तर पुढचे चाक उचलूही पाहते. म्हणून जड वस्तू आसाच्या बरोबर वर किंवा थोडी पुढे, सीटकडे सरकवून ठेवावी.

दुसरी गोष्ट उंचीची. ओझे जितके उंच, तितकी सायकल डुलते. वळणावर ती आपल्याला ओढते. तेव्हा जड सामान खाली, हलके वर.

तिसरी गोष्ट तोलाची. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ नेत. बैलाच्या दोन्ही अंगांना गोणी असे, आणि दोन्हींत वजन सारखे असे. आपली पडशीही तशीच, एक कप्पा पुढे आणि एक पाठीवर. सायकलीला हाच नियम लावा. दोन्ही बाजूंना सारखे वजन. दुधाचे दोन कॅन असतील तर एकच कॅन आधी रिकामा करू नका. थोडे या कॅनमधून, थोडे त्या कॅनमधून, असे द्या. म्हणजे शेवटच्या घरापर्यंत तोल राहतो.

आणि हँडलला पिशवी? ती सवय सर्वांनाच आहे, पण ती वाईट आहे. लोंबती पिशवी झोके घेते आणि कधीतरी पुढच्या चाकात शिरते. मागचे चाक अडकले तर माणूस बाजूला पडतो. पुढचे चाक अडकले तर तो हँडलवरून थेट तोंडावर पडतो. पुढे काही ठेवायचेच असेल, तर हँडलला पक्की बसवलेली जाळीची टोपली घ्या. तीतही चार-पाच किलोंहून जास्त घालू नका.

कॅरिअर कसे निवडावे?

जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीचे कॅरिअर लोखंडी असते. त्याचे पाय मागच्या चाकाच्या आसाला नटाने कसलेले असतात आणि पुढचे टोक सीटच्या खाली जोडलेले असते. वजन थेट चाकावर उतरते. म्हणून ते ओझ्याला खंबीर असते. त्या सायकलीला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० आरे असतात, ते यासाठीच. भार मागे जास्त, म्हणून आरेही मागे जास्त.

नव्या धाटणीच्या पुष्कळ सायकलींना कॅरिअर नसतेच. ते वेगळे घ्यावे लागते. घेताना चार गोष्टी पाहा.

एक, कॅरिअरला खाली पाय आहेत का? काही कॅरिअर फक्त सीटच्या दांड्याला आवळून बसवतात. त्यांना खाली आधार नसतो. दप्तर किंवा रेनकोट न्यायला ती ठीक. जड ओझे घातले तर ती वाकतात किंवा बाजूला फिरतात.

दोन, सायकलीला मागच्या आसाजवळ बोल्ट घालायची भोके आहेत का? ती असतील तर पायांचे कॅरिअर पक्के बसते. दुकानात सायकल घेऊनच जा आणि बसवून पाहा.

तीन, त्याच्यावर किलोचा आकडा लिहिला आहे का? चांगल्या कॅरिअरवर तो असतो. पुष्कळांवर २५ किलो असे लिहिलेले आढळते. वाचायला शिकल्याचा हा फायदा! दुकानदार म्हणेल, "काय वाट्टेल ते ठेवा." तुम्ही आकडा वाचा आणि आकड्यावर विश्वास ठेवा.

चार, सायकलीला मागे स्प्रिंग आहे का? असेल तर साधे कॅरिअर तिला चालत नाही, कारण चाक वरखाली होते. ओझे वाहायचे असेल तर मागे स्प्रिंग नसलेली सायकलच घ्यावी.

लोखंडी कॅरिअर जड असते, गंजते. पण वाकले तर गावचा वेल्डर सरळ करून देतो. ॲल्युमिनियमचे हलके असते, गंजत नाही. पण तुटले तर ते जोडणारा कारागीर जवळपास मिळेलच असे नाही. खेड्यातल्या रोजच्या धंद्याला आम्ही लोखंडीच घ्या म्हणू.

पिशवी कशी असावी?

कॅरिअरच्या दोन्ही अंगांना सोडायची जोडपिशवी सर्वांत चांगली. वजन खाली राहते, तोल राहतो आणि वरची जागा मोकळी राहते. जाड ताडपत्रीची अशी पिशवी गावचा शिंपीही शिवून देईल. शिवताना दोन गोष्टी सांगा. चाकाकडच्या बाजूला आत पातळ फळी किंवा जाड पुठ्ठा घालायचा, म्हणजे पिशवी फुगून आऱ्यांत जात नाही. आणि पिशवी थोडी मागे बसेल अशी करायची, नाहीतर पायडल मारताना टाच तिला लागते. एकदा अडकवून पायडल फिरवून पाहा. टाच लागली तर पिशवी मागे सरकवा. मात्र फार मागे नको, नाहीतर सायकल पुन्हा उलाळ!

पावसाळ्यात कागद, पीठ, औषध आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, मग ताडपत्रीच्या पिशवीत घाला. खताच्या रिकाम्या गोणीत पाणी शिरत नाही हे खरे. पण खताच्या किंवा कीटकनाशकाच्या पिशवीत खाण्याची वस्तू कधीही घालू नका. धुतली तरी नको.

बांधावे कशाने?

सुतळी ताणते, सैल होते. ते आम्ही भोगले आहे. जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा. ती रबराची असल्याने सामान खाली दबले तरी घट्टच राहते. पंक्चरवाला ती सहज देईल. बाजारात दोन्ही टोकांना आकडे असलेले रबरी पट्टे मिळतात. ते सोयीचे आहेत, पण ताणताना तोंड बाजूला ठेवा. आकडा निसटला तर तो उसळून डोळ्यावर येतो आणि डोळा जायची भीती असते. कशानेही बांधा, शेवटचे टोक आत खोचा. लोंबते टोक म्हणजे चाकाला निमंत्रण.

किती ओझे न्यावे?

आता थोडा हिशेब करू. एक लिटर पाणी एक किलो भरते. दूध त्याहून किंचित जड. २० लिटरचे दोन कॅन म्हणजे दूधच सुमारे ४१ किलो, कॅनचे वजन वेगळे. माणूस ६० किलो, सायकल २० किलो धरली, तर रिकामी सायकल आणि माणूस मिळून ८० किलो. दूध घातले की १२० च्या वर. म्हणजे दीडपट. वजन दीडपट झाले, की त्याच वेगात तेवढाच ब्रेक दाबून थांबायला अंतरही दीडपट लागते. पावसात चाकाची लोखंडी कड ओली झाली, तर त्याहून जास्त. म्हणून भरल्या सायकलीवर उतारात वेग आधीच कमी करा.

१९५४ साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत लोकांनी डोंगरातून सायकलींवर धान्य आणि दारूगोळा नेला. एकेका सायकलीवर २०० किलो आणि कधी त्याहूनही जास्त ओझे असे. पण ते लोक सायकलीवर बसले नव्हते, बरं का. हँडलला बांबू बांधून ती ढकलत नेत होते. ओझे फार असेल तर उतरून चालावे, यात कमीपणा नाही.

लेकरू हे सामान नव्हे

लहान मुलाला उघड्या कॅरिअरवर बसवतात. त्याचे पाय लोंबतात आणि टाच आऱ्यांत जाते. कातडी सोलते, कधी हाडही मोडते. मूल न्यायचे असेल तर पाय ठेवायला जागा असलेली खुर्ची बसवा आणि आऱ्यांवर जाळी लावा. ते जमत नसेल, तर मुलाला खाली घेऊन सायकल हातात धरून चाला.

निघण्यापूर्वी

दोन्ही चाकांत हवा पाहा. ओझे असेल तर हवा जास्त लागते. किती, ते टायरच्या कडेवर लिहिलेले असते. कॅरिअरचे नट हाताने हलवून पाहा. सामानाने मागची लाल काच झाकली तर नाही ना, ते बघा. रात्री मोटारवाल्याला तीच दिसते. मग सायकल थोडी हलवा. काही खडखडले, सरकले, लोंबले, तर पुन्हा बांधा. दहा पावले चाला, मग बसा.

याला दोन मिनिटे लागतात. तुमच्या सायकलीवर कोणाचे तरी दूध असते, कोणाचे औषध असते, कोणाच्या वर्षभराच्या कष्टाचा कागद असतो. आपण पडलो तर उठतो. ज्याचे सामान आपण नेतो, त्याचे नुकसान मात्र भरून येतेच असे नाही.