रंग गेला, पण रेणू राहिला

ट्राउट माशांच्या उबवणी केंद्रात एकेका ट्रेमध्ये हजारो अंडी असतात. त्यांतले एखादे मरते आणि त्यावर कापसासारखे पांढरे तंतू चढतात. सॅप्रोलेग्निया नावाचा हा बुरशीसारखा जीव मेलेल्या अंड्यावर थांबत नाही. शेजारच्या जिवंत अंड्यांनाही तो वेढतो. पाण्यात थोडेसे मॅलॅकाइट ग्रीन मिसळले की तो आटोक्यात येतो. माशांच्या अंगावरच्या काही परजीवींवरही हाच उपाय चालतो. स्वस्त आणि गुणकारी असल्यामुळे १९३० च्या दशकापासून हे द्रव्य मत्स्यशेतीत पसरले.

खरे तर हा रेशीम, चामडे रंगवण्याचा रंग. मॅलॅकाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजाशी त्याचे साम्य फक्त रंगापुरते. त्यात तांबे नसते.

औषध दिल्यावर काही दिवसांनी टाकीतले पाणी पुन्हा नितळ होते. मासाही स्वच्छ दिसतो. मग औषध गेले असे समजायचे का?

त्यासाठी रंग कुठून येतो ते पाहू. या रेणूच्या मध्यभागी एक कार्बन अणू असून त्याला तीन वलये जोडलेली असतात. एकाआड एक द्विबंधांची साखळी या मधल्या कार्बनमधून सलग जाते. या साखळीमुळे रेणू तांबडा प्रकाश शोषतो आणि आपल्याला निळसर हिरवा दिसतो. रेणूवर धन विद्युतभार असल्याने तो पाण्यात विरघळतो. माशाच्या कल्ल्यांतून तो शरीरात शिरला की त्याचे क्षपण होते. मधल्या कार्बनला एक हायड्रोजन जोडला जातो, साखळी तुटते आणि रंग जातो. त्याबरोबर विद्युतभारही जातो. या रंगहीन रूपाला ल्यूकोमॅलॅकाइट ग्रीन म्हणतात. ग्रीक भाषेत ‘ल्यूको’ म्हणजे पांढरा. भार नसलेला हा रेणू पाण्यापेक्षा चरबीत अधिक रमतो. म्हणून तो सहज बाहेर टाकला जात नाही. ईलसारख्या चरबीयुक्त माशात तो काही महिने टिकतो. मासा शिजवल्यानेही तो फारसा नाहीसा होत नाही.

काळजीचे कारण याच रूपात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या दोन वर्षांच्या चाचणीत, ल्यूको रूप खाऊ घातलेल्या मादी उंदरांत यकृताच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले. रंगीत रूप दिलेल्या मादी उंदरांत तसा पुरावा मिळाला नाही. उंदरांना दिलेली मात्रा माशातल्या अवशेषांच्या मानाने खूप मोठी होती, हे खरे. पण जनुकांना इजा करू शकणाऱ्या द्रव्याची ‘एवढे चालेल’ अशी सुरक्षित मर्यादा ठरवता येत नाही. म्हणून युरोपीय संघात खाण्याच्या माशांसाठी त्याच्या वापराला परवानगी नाही. तिथे नोव्हेंबर २०२२ पासून एक किलो मांसात ०.५ मायक्रोग्रॅम अवशेष सापडले तरी कारवाई होते. त्याआधी ही पातळी २ मायक्रोग्रॅम होती. मोजताना रंगीत आणि रंगहीन अशा दोन्ही रूपांची बेरीज धरतात.

जे दिसतच नाही ते मोजायचे कसे? एक पद्धत मजेदार आहे. मांसातून काढलेल्या अर्काचे ऑक्सिडीकरण करायचे. हायड्रोजन निघून जातो, साखळी पुन्हा जुळते आणि लपलेला हिरवा रंग परत येतो!

असाच खेळ वर्गात दाखवता येईल. पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा आणि ग्लुकोज विरघळवून त्यात मिथिलीन ब्लूचे दोन-तीन थेंब टाका. बाटली बूच लावून स्थिर ठेवा. ग्लुकोज रंगाचे क्षपण करते आणि निळेपणा जातो. मग बाटली हलवा. हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि निळा रंग परत येतो. कॉस्टिक सोडा त्वचेला व डोळ्यांना घातक आहे, म्हणून शिक्षकांनी चष्मा व हातमोजे घालून हा प्रयोग स्वतः करावा.

मत्स्यपालकाची अडचणही खोटी नाही; अंडी वाचवायचीच असतात. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येते. ते काम संपल्यावर पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटित होते. मेलेली अंडी रोज वेचून काढली तर बुरशीला पाय रोवायला जागाच कमी मिळते. बाटलीतला निळा रंग गेल्यावर विद्यार्थ्यांना विचारा, “आता बाटलीत रंगद्रव्य आहे की नाही?” उत्तर मिळाल्यावरच बाटली हलवा.