पेरण्याआधी बी एक रात्र पाण्यात



आपल्यापैकी पुष्कळांच्या मिरपेसेत मेथी-कोथिंबिरीची एखादी कुंडी असतेच. पण बेरशेवा, दिमोनाकडे ऊन कडक, माती भराभर सुकते. मग पाणी घालून घालून कंटाळा येतो, तरी बी वर येत नाही. दर वेळी बी खराब असतं असं नाही. ते रुजायच्या आतच वरची माती कोरडी होते. यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे बी भिजवून, सुकवून मग पेरणं.

हे कसं चालतं? कोरडं बी झोपलेलं असतं. पाणी शोषलं की ते जागं होतं, साठवणीत झालेली आतली मोडतोड दुरुस्त करतं, आणि मगच मूळ बाहेर काढतं. ही आधीची कामं आपण घरातच उरकून घ्यायची आणि मूळ फुटण्याआधी थांबायचं. असं बी लवकर उगवतं, मूळ लवकर खोल जातं, आणि वरचा थर सुकला तरी रोप तगतं. थोड्या खारट मातीतही याचा उपयोग होतो.

आपल्या कोकणात भात भिजवून, मोड आणून चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. तिथे जमीन ओली असते म्हणून मोड चालतात. कोरड्या मातीत मोड आलेलं बी मरतं. १९९० च्या दशकात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी मका, भात, हरभरा रात्रभर भिजवून पेरून पाहिला. पीक लवकर उगवलं आणि जोमाने वाढलं.

घरी असं करा: धणे हलके रगडून दोन फाका करा. धणे १० ते १२ तास, मेथी ६ ते ८ तास साध्या पाण्यात ठेवा. पाणी काढून टाका, बी फडक्यावर सावलीत पसरा. बोटांना चिकटेनासं झालं की त्याच दिवशी ओल्या मातीत पेरा.

दोन गोष्टी सांभाळा. जास्त वेळ भिजवलं तर बी गुदमरून कुजतं. हरभरा तर १० तासांपुढे नकोच. आणि दुकानातलं रंगीत, औषध लावलेलं बी भिजवू नका, स्वयंपाकघरातही ठेवू नका.

पाणी मात्र रोज घालावंच लागेल. भिजवण्याने बियाला फक्त चार पावलं पुढून सुरुवात मिळते. कडक उन्हात तेवढीच पुष्कळ.