आधी काय, मग काय?

रात्री तुम्ही गाढ झोपलेले असता, तेव्हा नवी मुंबईत तुर्भ्याला भाज्यांचे ट्रक येत असतात. नाशिक, पुणे, सातारा, सांगली अशा कितीतरी जिल्ह्यांतून फ्लॉवर, कोबी, भेंडी, मेथी, दुधी आणि मिरच्या इथे उतरतात. या जागेला सगळे ‘वाशी मार्केट’ म्हणतात. मुंबईचा घाऊक भाजीबाजार पूर्वी भायखळ्याला भरायचा, तो 1996 साली इथे आला. शेजारीच कांदा-बटाटा, फळं, मसाले आणि धान्य यांचेही बाजार आहेत. पहाटे इथून निघालेली भाजी सकाळी नेरूळच्या, ऐरोलीच्या, खारघरच्या भाजीवाल्यांकडे पोचते आणि दुपारी आपल्या ताटात डाव्या-उजव्या बाजूला येऊन बसते.

आता एक प्रश्न. तीच भेंडी, तेच तेल, तेच मीठ. मग एका घरची भाजी सुटसुटीत आणि दुसऱ्या घरची चिकट का होते? उत्तर ऐकून नवल वाटेल. बहुतेक वेळा फरक मसाल्यात नसतो, फरक असतो क्रमात. आधी काय घातलं, मग काय घातलं, यावर साध्या भाजीची चव ठरते. आणि या क्रमामागे पक्कं विज्ञान आहे.

फोडणीतला पहिला नंबर

फोडणी करताना आधी तेल तापवतात, मग मोहरी, मग जिरं, मग हिंग आणि शेवटी हळद. हळद आधी टाकून मोहरी नंतर टाकली तर नाही का चालणार?

मोहरीचा दाणा एवढासा, पण त्याचं साल कडक आणि आत थोडंसं पाणी. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. फोडणीचं तेल त्याच्या पुष्कळ पुढे, दीडशे अंशांच्याही वर गेलेलं असतं. आतल्या पाण्याची वाफ होते, वाफेला जागा पुरत नाही, साल फुटतं आणि दाणा तडतडून उडतो. याला काही सेकंद लागतात. हळद आणि हिंग म्हणजे बारीक पूड. एवढ्या तापलेल्या तेलात ती मोहरीइतका वेळ थांबली तर करपून कडू होते. म्हणून पूड शेवटी, आणि ती पडली की लगेच भाजी टाकायची. भाजीतलं पाणी तेलाचा ताव उतरवतं आणि पूड करपण्यापासून वाचते. ‘चर्र’ असा जो आवाज येतो ना, तो भाजीच्या पाण्याची वाफ होण्याचा!

मोहरीची आणखी एक गंमत. लोणच्यासाठी मोहरी फेसतात, म्हणजे थोडं पाणी घालून खूप वाटतात, तेव्हा तिचा झणका थेट नाकात चढतो. फोडणीतली मोहरी मात्र शांत, खमंग. असं का? मोहरीत तिखट पदार्थ तयार नसतोच. तो बनवणारा एक घटक आणि त्याला कामाला लावणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, दाण्यात वेगवेगळे ठेवलेले असतात. दाणा चिरडला आणि पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि झणका तयार होतो. तापलेल्या तेलात हे विकर आधीच निकामी होतं. मग झणका कुठून येणार?

हिंगाचंही तसंच. हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून निघणारा, वाळवलेला चीक. डबी उघडली की त्याचा वास नको नको होतो, पण गरम तेलात पडताच तोच वास बदलून भूक चाळवणारा होतो. आपल्याकडचा हिंग बहुतेक अफगाणिस्तान, इराण अशा देशांतून येतो. 2020 साली पालमपूरच्या शास्त्रज्ञांनी हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात हिंगाची रोपं लावायला सुरुवात केली. थंड, कोरडी हवा या झाडाला मानवते.

आणि हे सगळं तेलातच का घालायचं, पाण्यात का नाही? कारण हळदीचा रंग, मिरचीचा तिखटपणा, जिऱ्या-हिंगाचे वास पाण्यात फारसे विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. तेल त्यांना धरून ठेवतं आणि भाजीच्या प्रत्येक फोडीपर्यंत नेऊन पोचवतं.

भेंडीची तार

भेंडी आधी धुतात, कोरडी पुसतात आणि मगच चिरतात. आधी चिरून मग धुतली तर चाळणीत नुसता बुळबुळीत चिकटा! भेंडीच्या आत साखरेच्या रेणूंच्या खूप लांब साखळ्यांनी बनलेला एक पदार्थ असतो. पाणी मिळालं की तो फुगतो आणि त्याला तार सुटते. म्हणून भेंडीला चिरल्यानंतर पाणी दाखवायचं नाही. झाकण ठेवलं तर वाफेचं पाणी परत भाजीत पडतं, म्हणून झाकणही नाही. मीठ भेंडीतलं पाणी बाहेर ओढतं, म्हणून तेही शेवटी. कोकणात भेंडीत आमसूल टाकतात. आंबट पदार्थाने तार कमी होते, आणि चव किती छान लागते ते वेगळं सांगायला नको.

मीठ कधी?

काकडीत शंभरातले सुमारे 95 भाग पाणी असतं. कोशिंबिरीत मीठ तासभर आधी घातलं तर काकडी मऊ पडते आणि वाडग्यात पाणी जमतं. याला परासरण म्हणतात. काकडीच्या पेशींभोवती पातळ पडदे असतात. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी पडद्यातून बाहेर येतं. म्हणून खमंग काकडीत दाण्याचा कूट, खोबरं, फोडणी सगळं आधी घालून ठेवा, मीठ मात्र पानं वाढताना.

पण कारल्याच्या बाबतीत अगदी उलट! तिथे चिरल्या चिरल्या मीठ लावून ठेवतात आणि मग फोडी घट्ट पिळतात. पाण्याबरोबर बराचसा कडूपणा निघून जातो. मीठ तेच, काम तेच. काकडीतलं पाणी आपल्याला हवं आहे आणि कारल्यातलं नको आहे, म्हणून क्रम बदलला.

आंबट कधी?

बटाट्याच्या रश्श्यात चिंचेचा कोळ आधीच घातला, तर बटाटा शिजता शिजत नाही. भाज्यांच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. तो उष्णतेने सैल झाला की फोड मऊ होते. आंबटपणा त्याला सैल होऊ देत नाही. म्हणून बटाटा आधी शिजू द्या, चिंच मग.

आता पावसाळ्यात या. पनवेलच्या बाजारात डोंगरपाड्यांवरच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी आणि पहिल्या पावसात उगवणारी शेवळं. शेवळं अळूच्या कुळातली. या कुळातल्या भाज्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते घशाला टोचतात आणि खाज सुटते. म्हणून शेवळांसोबत काकडं नावाची आंबट हिरवी फळंही विकायला असतात. काकडांचा रस घालूनच शेवळं चांगली शिजवतात, म्हणजे खाजत नाहीत. बटाट्याला आंबट नंतर, शेवळांना बरोबरच! हे ज्ञान प्रयोगशाळेतून आलेलं नाही. डोंगरातल्या माणसांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पारखून जपलं आहे. एक मात्र लक्षात ठेवा: रानातली कुठलीही भाजी स्वतः तोडून खायची नाही. दिसायला सारख्या वनस्पतींत विषारीही असतात.

झाकण कधी?

फरसबी उकळत्या पाण्यात पडली की आधी आणखीच हिरवीगार दिसते, कारण तिच्या पेशींमधली हवा निघून जाते. पण झाकण ठेवून खूप वेळ शिजवली की तीच मळकट होते. हिरवा रंग हरितद्रव्याचा. त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. भाजी शिजताना तिच्यातली आम्लं मोकळी होतात आणि या मॅग्नेशियमला हुसकावून लावतात. त्यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात, पण झाकण असलं तर परत भांड्यात पडतात. म्हणून पालक, फरसबी, मटार सुरुवातीला उघडेच शिजू द्यावेत, आणि तेही थोडाच वेळ. खायचा सोडा घातला तर रंग हिरवा राहतो खरा, पण भाजी लगदा होते आणि जीवनसत्त्वं वाया जातात. नकोच तो.

करून पाहा

1. काचेच्या बरणीत अर्धा पेला पाणी, चार चमचे तेल आणि चिमूटभर हळद घाला. झाकण घट्ट लावून हलवा आणि अर्धा तास ठेवा. तेल वर येईल. पिवळा रंग कोणाकडे जास्त गेला ते बघा.

2. काकडीच्या चकत्या दोन वाट्यांत सारख्या वाटून घ्या. एकीत अर्धा चमचा मीठ घाला, दुसरी तशीच ठेवा. वीस मिनिटांनी दोन्ही वाट्या तिरप्या करून पाणी पाहा, मग एकेक चकती वाकवून बघा.

3. बटाट्याच्या सारख्या आकाराच्या फोडी दोन भांड्यांत उकळायला ठेवा. एका भांड्यात दोन चमचे लिंबाचा रस घाला. दर पाच मिनिटांनी टोचून बघा आणि वेळ वहीत लिहा.

गॅस आणि सुरी यांच्याजवळ मोठं माणूस हवंच. आई, बाबा, आजी किंवा आजोबा, जो कोणी स्वयंपाक करत असेल त्याच्या शेजारी उभे राहा आणि प्रत्येक पायरीला विचारा, “हे आत्ताच का घातलं?” उत्तर मिळालं तर वहीत लिहून ठेवा. नाही मिळालं तर आणखी छान, कारण मग ते तुम्हालाच शोधून काढायचं आहे. आणि या रविवारी घरची कोशिंबीर तुम्ही करा. मीठ मात्र पानं वाढतानाच घाला बरं का!