हॉरिड ग्राउंड वीव्हर : एकाच शहरात सापडणारा कोळी

मुलांना कोळ्याचं जाळं काढायला सांगा. बहुतेक मुलं चाकासारखं गोल जाळंच काढतात. पण सगळेच कोळी तसं जाळं विणत नाहीत.

चादर विणणारे कोळी

लिनिफिडी या कुळातले कोळी चादरीसारखं आडवं जाळं विणतात. या कुळात ४,५०० हून जास्त जाती आहेत. यातले बरेचसे कोळी जाळ्याखाली उलटे लटकून बसतात. वर किडा पडला की खालूनच त्याला चावतात आणि जाळ्यातून ओढून घेतात.

नावात भीती, अंगावर केस

याच कुळातली एक जात म्हणजे नोथोफँटिस हॉरिडस. इंग्रजीत तिला हॉरिड ग्राउंड वीव्हर म्हणतात. 'हॉरिड' म्हणजे भयंकर असं आपल्याला वाटतं, पण लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ राठ केसांचा, केसाळ असा आहे. आकार जेमतेम अडीच मिलिमीटर! पट्टीवरच्या तीन मिलिमीटरच्या जागेत तो सहज मावेल. माणसाला त्याच्यापासून काहीच धोका नाही.

घर कुठे?

इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात, चुनखडीच्या जुन्या खाणीत १९८९ साली हा कोळी पहिल्यांदा सापडला. १९९५ मध्ये नवीन जात म्हणून त्याची नोंद झाली. दगडांच्या फटींत राहणारा हा कोळी प्लिमथ सोडून जगात कुठेच आढळलेला नाही. जिथे तो प्रथम सापडला, त्या खाणीच्या जागेवर पुढे बांधकाम झालं. दुसऱ्या एका खाणीत घरं बांधायची योजना होती. २०१५ मध्ये ती नामंजूर झाली, त्यामागे या कोळ्याचंही कारण होतं. आययूसीएनच्या लाल यादीत आज तो 'अतिसंकटग्रस्त' आहे.

वर्गात काय करता येईल?

पडीक जागा म्हणजे रिकामी जागा, असं आपण सहज बोलून जातो. या कोळ्याला मात्र तेवढीच जागा आहे. थंडीत सकाळी गवतावर दव पडलं की आडवी जाळी छान दिसतात. ती सगळी याच कुळाची नसतात, पण निरीक्षणाला उत्तम. मुलांना जाळ्यांना हात न लावता बघू द्या आणि विचारा : जाळं गोल आहे की आडवं? कोळी वर आहे की खाली? पाय किती? आठ पाय मोजले की कोळी हा कीटक नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.