फ्लॉरेन्सचा पाऊस आणि चाकांवरची घरं

फ्लॉरेन्स (ऑरेगन) : भिवंडीजवळच्या पूर्णा गावात गोदामाचं गेट उघडेपर्यंत ट्रकवाला भर पावसात केबिनमध्येच जेवतो, तिथेच आडवा होतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या छोट्या गावात मात्र लोक हौसेने, वर पैसे मोजून, असे गाडीत राहायला येतात.

पावसाचं वेळापत्रक इथे उलटं. जुलैत भिवंडीची कामवारी नदी फुगते तेव्हा ऑरेगनचा किनारा जवळपास कोरडा असतो. नोव्हेंबर ते मार्च मात्र झड लागते. तरी या गाड्या जिथे मुक्कामाला येतात, ते गावाच्या दक्षिणेचं हनीमन स्टेट पार्क बारा महिने उघडं असतं.

‘आरव्ही’ म्हणजे बिछाना, शेगडी, संडास असलेली गाडी. ‘फुल हुकअप’ची जागा घेतली की नळ, वीज आणि मैल्याचं तोंड गाडीपाशीच मिळतं. पावसात कामं वाढतात. छत्रीसारखा कापडी मांडव एका बाजूने उतरता ठेवायचा, नाहीतर पाणी साचून तो फाटतो. आत शेगडी पेटवली की काचांना घाम फुटतो, म्हणून गारठ्यातही झडप किलकिली ठेवायची. निघताना हातमोजे चढवून आधी संडासाची ‘ब्लॅक टँक’ सोडायची, मग आंघोळीचं आणि मोरीचं पाणी, म्हणजे तेच पाइप धुऊन काढतं. या क्रमात कुणी हयगय करत नाही!

तंबू-गाड्यांची देखरेख बरेचदा ‘कॅम्प होस्ट’ करतात. ते स्वयंसेवक; कामाच्या बदल्यात त्यांना स्वतःची आरव्ही फुकट लावता येते. त्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ. रात्री दहानंतर आवाज बंद.

या सगळ्याच्या मुळाशी किनारा कोणाचा, हा प्रश्न आहे. 1913 मध्ये गव्हर्नर ऑस्वाल्ड वेस्ट यांनी शक्कल लढवली आणि भरतीरेषेपर्यंतचा किनारा कायद्याने चक्क सार्वजनिक रस्ता ठरला. वरची कोरडी वाळू तेवढी राहून गेली. 1966 मध्ये कॅनन बीच गावातल्या एका मोटेलवाल्याने ती आपल्या गिऱ्हाइकांपुरती अडवली. लोक खवळले, गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी बाजू लावून धरली आणि 1967 च्या ‘बीच बिल’ने झाडोऱ्याच्या रेषेपर्यंतची वाळू सर्वांना खुली झाली.

महाराष्ट्रानेही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडी भाड्याने मिळेलही. पण तिची ब्लॅक टँक हरिहरेश्वरात नेमकी कुठे रिकामी करायची, हे निघण्यापूर्वी विचारून घेतलेलं बरं.