घर पाहावे पावसात

मस्कतला असलेल्या माझ्या एका शाळासोबत्याचा गेल्या एप्रिलमध्ये फोन आला. "अरे, घर सापडलं. आईच्या माहेरच्या वाडीतलं. तू फक्त एकदा जाऊन बघ आणि हो म्हण." पाठोपाठ दलालाने काढलेली चित्रफीत मोबाईलवर आली. चिऱ्याचे कौलारू घर, पुढे सारवलेले खळे, मागे माड-पोफळी, आणि मागून सनईचे सूर. पाहून मलाही मोह पडला.

आता या घरात कोण राहणार ते सांगतो. मित्र सत्तावन्न वर्षांचा. २०२२ साली त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट बसवले आहेत. वहिनींना लहानपणापासून दमा. मित्राच्या आई ब्याऐंशी वर्षांच्या, सध्या पुण्याला मुलीकडे. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आता वॉकर घेऊन चालतात. मित्राची नोकरी दोन वर्षांत संपेल, मग तिघांनी गावी येऊन राहायचे असा बेत. काकूंची एकच इच्छा, उरलेले दिवस माहेरच्या वाडीत काढायचे.

घर बघायला इंजिनियर न्यावा, डॉक्टर कशाला, असे वाचक म्हणतील. भिंतीची ताकद इंजिनियरने पाहावी आणि सातबारा वकिलाने, हे खरेच. पण मी होकार देताना जपून असतो, त्याला कारण आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या एका स्नेह्यांसाठी मी चिपळूणला तळमजल्यावरची एक सदनिका पाहून आलो होतो. त्यांच्या वृद्ध आईवडिलांना जिना नको होता. हवा, उजेड, संडास, दवाखाना किती लांब, सगळे नीट पाहिले आणि "उत्तम आहे, घ्या" असे कळवले. २००५ सालच्या जुलैत तिथे पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारायचे मात्र सुचले नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी त्या घरात शिरले. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी म्हाताऱ्या जोडप्याला पाठुंगळी घेऊन वर नेले म्हणून ती दोघे वाचली. स्नेह्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. तेव्हापासून मी घर उन्हाळ्यात पाहत नाही.

मित्राला तसे सांगितले. तो कुरकुरला. "जुलैपर्यंत घर कोण ठेवणार?" पण घर राहिले.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने इथले कुठलेही घर छानच दिसते. जुलैतल्या एका रविवारी, झड लागलेली असताना, मी टेप, बॅटरी आणि छत्री घेऊन निघालो. दलाल रस्त्यावर वाट पाहत होता. गाडी तिथेच ठेवावी लागते, कारण घर खाली वाडीत आहे. जायला पाखाडी. ही पाखाडी चित्रफितीत कुठेच नव्हती. उतरताना पायऱ्या मोजल्या, एकाहत्तर भरल्या. शेवाळ धरलेल्या, कुठे सहा इंचांच्या तर कुठे फूटभर उंच. तिच्याकडे पुन्हा येतो.

घरात शिरताच कुबट वास आला. मोबाईलवर सगळे कळते, वास कळत नाही. माजघराची एकच भिंत नव्याने रंगवलेली होती. चार भिंतींपैकी एकच रंगवलेली दिसली, की तिथे काहीतरी झाकलेले असते. मी दलालाला तिथले कपाट सरकवायला सांगितले. "डॉक्टर, घर घ्यायचंय की इस्पितळ?" असे म्हणत त्याने सरकवले. मागे जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत काळीहिरवी बुरशी, वर रंगाचे पोपडे.

जांभा दगड सच्छिद्र असतो. पायाला पाणी लागले की ओल भिंतीतून वर चढते. ती दिसू नये म्हणून लोक तैलरंग फासतात, त्याने ओल आतल्या आत कोंडते आणि दुसरीकडून फुटते. बुरशीचे अतिसूक्ष्म बीजाणू हवेत तरंगतात आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका त्यांनी आवळतात. दमटपणा आणि बुरशी यांवर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शिकाच काढली आहे. दमट, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारी अधिक असतात, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. आमच्याकडे पावसाळा आला की पंप वापरणारे रोगी वाढतात. त्यांतले काहीजण दरवर्षी औषध बदलून मागतात, पण ज्या भिंतीला उशी टेकलेली असते ती भिंत कोणी पाहत नाही.

मात्र ओल हा बऱ्याच अंशी बरा होणारा आजार आहे. पागोळ्यांचे पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी पडत होते, कारण पन्हळ मोडलेली होती. पन्हळ बसवावी, घराभोवती उतार देऊन गटार काढावे, सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करावा, बिछाने भिंतीपासून वीतभर दूर ठेवावेत. एक पावसाळा गेल्यावर फरक दिसतो. हे मी "होण्यासारखे" या सदरात लिहून घेतले.

न्हाणीघर दलालाने मोठ्या कौतुकाने दाखवले. नव्या फरशा, नवा नळ आणि भिंतीवर गॅसचा गीझर. एकुलती एक खिडकी काच लावून कायमची बंद केलेली. मी तिथेच थांबलो. सात-आठ वर्षांपूर्वी अशाच न्हाणीघरातून एका कॉलेजच्या मुलीला बेशुद्धावस्थेत माझ्याकडे आणले होते. तिचे वडील पुन्हापुन्हा म्हणत होते, "गॅसचा वास मुळीच नव्हता हो." वास येणारच नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते, पण कोंडलेल्या जागेत ज्योत अर्धवट जळून जो कार्बन मोनॉक्साईड तयार होतो त्याला ना वास ना रंग. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपट ओढीने त्याला धरते. माणसाला गरगरते, आणि कडी काढण्याआधीच पाय जातात. मुलगी वाचली, कारण धाकट्या भावाने दार फोडले. वाचकांपैकी कोणाच्या न्हाणीघरात आतच गॅसचा गीझर असेल तर तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलवून पाइपाने पाणी आत घ्यावे. हे काम या आठवड्यातच करावे.

मागीलदारी विहीर. पाणी इतके वर आलेले की ओणवे होऊन हाताने घ्यावे. सुंदर विहीर, पण गडग्यापलीकडे शेजाऱ्यांनी नवा संडास बांधला आहे आणि त्याचा शोषखड्डा अगदी गडग्याला लागून. माझे पाऊल अडीच फुटांचे. विहिरीपासून चौदा पावले भरली, म्हणजे पस्तीस फूट. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब असावा असा दंडक आहे. पावसात जमिनीतले पाणी वर येते तेव्हा पस्तीस फूट जांभा काही अडवू शकत नाही. कावीळ, विषमज्वर, हगवण हे सगळे त्या वाटेने येतात. शेजाऱ्यांचा खड्डा आपण हलवू शकत नाही. मग उरते ते रोजचे पथ्य, म्हणजे पिण्याचे पाणी खळखळ उकळणे आणि टाकीत ब्लीचिंग पावडर टाकणे. हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम, आणि त्यानंतर तासभर ते पाणी वापरू नये. पाणी प्रयोगशाळेत तपासून मिळते, पण निर्जंतुक बाटली तिथूनच आणावी. घरातली लोणच्याची बाटली धुऊन नेऊ नये. लोक नेतात.

विहिरीशेजारच्या दगडी डोणीत आणि नारळाच्या करवंट्यांत अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी नुसती ओतून न देता घासून कोरडी करावी लागतात. मी डोण उपडी करण्याचा प्रयत्न केला, दलाल हसला. डोण दगडाची होती. तळाचे बूच काढून ती रिकामी केली.

भिंतीला लागून लाकडांची चळत होती. चिऱ्यांच्या सांदीत आणि लाकडांत आमच्याकडे फुरसे आणि लाल विंचू असतात. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले ते कोकणात सांगायला नको. पण औषध दवाखान्यात असते आणि तो एकाहत्तर पायऱ्या वर आहे.

तर ती पाखाडी. २०१६ सालची गोष्ट सांगतो. पलीकडच्या वाडीतल्या एका गृहस्थांच्या छातीत पहाटे दुखू लागले. मुलाने मला फोन केला, १०८ लाही केला. रुग्णवाहिका वर रस्त्यावर आली, मीही पोहोचलो, गृहस्थ मात्र खाली. मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलले. पाऊस होता, पाय घसरत होते, निम्म्या वाटेवर खुर्चीचा पाय मोडला. "राहू दे, मी चालतो," असे म्हणून ते शेवटच्या वीस-पंचवीस पायऱ्या चढले. वर आले, गाडीच्या दाराला हात लावला आणि कोसळले. मी आणि गाडीतल्या डॉक्टरांनी छाती दाबणे सुरू केले, गाडीतले विजेचे यंत्रही लावले. उपयोग झाला नाही. हृदयाची वाहिनी तुंबलेली असताना स्नायूला रक्त आधीच अपुरे पडते. त्यात प्रत्येक पायरीला त्याचे काम वाढते आणि ठोक्यांची लयच बिघडते. अशा रोग्याला एक पायरीसुद्धा चढू देऊ नये. वाडीत राहणाऱ्यांनी हात असलेली एक मजबूत लाकडी खुर्ची आणि दोन बांबू कायम हाताशी ठेवावेत, आणि चौघे कोण हे आधीच ठरवून ठेवावे.

माझा मित्र रोज समुद्रकाठी चार किलोमीटर चालतो. आज तो ती पाखाडी शीळ घालत चढेल. मला चिंता होती ती दहा वर्षांनंतरच्या एखाद्या पावसाळी रात्रीची, जेव्हा वाडीत उचलायला चौघेही नसतील. निम्मी घरे आजच कुलूपबंद आहेत. आणि काकूंचे म्हणाल, तर घरातले उंबरठे कमी करता येतील, कमोड बसवता येईल, भिंतींना धरायला दांड्या लावता येतील. पण एकदा खाली उतरल्यावर त्या वर येणार त्या चौघांच्या खांद्यावरच. हे मी मित्राला या शब्दांत सांगितले नाही.

दवाखान्याच्या दोन कागदांवर लिहून पाठवले. एकावर गवंडी, सुतार आणि पैसा यांनी होण्यासारखी कामे, बारा-तेरा. दुसऱ्यावर न होण्यासारखी दोनच, शेजाऱ्यांचा शोषखड्डा आणि पाखाडी. खाली लिहिले, "घेऊ नये असे माझे मत."

संध्याकाळी त्याचा फोन आला. "तुला सगळीकडे रोगच दिसतात. आईला काय सांगू मी?" आणि ठेवून दिला. आठ दिवस काही नाही. बेचाळीस वर्षांची मैत्री, मलाही जेवण गोड लागेना. वहिनींचा तेवढा एक निरोप आला, कपाटामागच्या भिंतीचा फोटो असेल तर पाठवा. पाठवला.

नवव्या दिवशी पुण्याहून काकूंचा फोन.

"अरे, तो रागावलाय तुझ्यावर. पाखाडी अजून तशीच आहे का?"

"तशीच आहे काकू. शेवाळ धरलंय."

"धरणारच. माझी आजी त्याच पाखाडीवर पडली, ती पुन्हा उठली नाही. मी ह्याला वाडी म्हटलं होतं, तेच घर कुठे म्हटलं? वरच्या अंगाला, रस्त्यालगत कोणाचं काही आहे का बघ." मग जरा थांबून, "विहिरीला पाणी आलंय?"

"हाताने घ्यावं इतकं."

"आषाढात येतंच," काकू म्हणाल्या.

रस्त्यालगत एक स्लॅबचे घर आहे. दिसायला अगदी साधे, नळाचे पाणी, मोटार दारापर्यंत जाते. दलाल म्हणतो की गळत नाही. येत्या रविवारी जाणार आहे, पाऊस अजून आहे तोवर. टेप या वेळी तोच आणणार आहे.