मध जंतू मारतो, पण कुठे?

शुद्ध मधात जंतू वाढत नाहीत, तेव्हा तो पोटात गेला की आतला संसर्गही बरा होणार, हा समज घरोघरी आहे. यातला पहिला भाग खरा, दुसरा त्यातून निघत नाही. मधात साखर साधारण ८० टक्के आणि पाणी २० टक्क्यांहून कमी. एवढी दाट साखर जंतूंच्या पेशींतले पाणी ओढून घेते. मधाचा सामू ४ च्या आसपास, म्हणजे तो आम्लधर्मी. शिवाय मधमाशीने मकरंदात मिसळलेले ग्लुकोज ऑक्सिडेझ हे विकर मध थोडा पातळ झाला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागते. हे सारे घडते मध जिथे असतो तिथेच. चमचाभर मध पोटात गेला की दाटपणा संपतो, विकर पचते आणि रक्तात पोचते ती नुसती साखर. उकळत्या पाण्यात कालवला, तर विकर त्याआधीच निकामी होते.

जखमेवर मात्र मध जागेवर राहतो, म्हणून तिथला पुरावाही वेगळा आहे. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध लावलेल्या ५२ जणांपैकी ९१ टक्क्यांच्या जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. सिल्व्हर सल्फाडायझिन हे नेहमीचे मलम लावलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. एवढी तफावत एकाच अभ्यासाच्या भरवशावर स्वीकारू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यानेही अनेक चाचण्या तपासून, काही प्रकारच्या भाजण्यात नेहमीच्या काही मलमपट्ट्यांपेक्षा मधाने जखम लवकर भरते, असा निष्कर्ष काढला. इतर बहुतेक जखमांबाबत पुरावा तोकडाच निघाला. म्हणून घरी भाजले तर आधी वाहते गार पाणी आणि मग डॉक्टर. फडताळातली बाटली नव्हे. जखमेसाठीचा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

जंतू मारणाऱ्या पदार्थाला निर्जंतुक का करावे लागते? कारण मध जंतूंची वाढ रोखतो, पण क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू त्यात सुप्तावस्थेत तग धरतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांची डाळ शिजत नाही; वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकतात. मग बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, दूध ओढले जात नाही, मान लुळी पडते. पिढ्यान्‌पिढ्या बाळांना मध चाटवला, काही झाले नाही, असे सांगितले जाते. हा आजार दुर्मीळ असल्याने बहुतेकांना काही होत नाही, हे खरेच. पण दुसऱ्या पारड्यात बाळाचा सिद्ध झालेला एकही फायदा नसताना तो धोका पत्करायचा कशासाठी? मध घरी उकळूनही हे बीजाणू मरत नाहीत. वर्षावरील मुलांना खोकल्यात मध जरूर द्यावा. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही २०१८ च्या मसुद्यात तसा सल्ला दिला. मधाने घसा निवतो, खोकल्याची ढास कमी होते, आणि तेवढे पुरेसे आहे. ताप हटेना किंवा धाप लागली, तर चमचा वाढवत न बसता डॉक्टर गाठावा.